ओढीची मात्रा

छातीत पाणी झालेल्या माणसाला धड आडवं होता येत नाही. दोन वाक्यं सलग बोलली की धाप लागते, रात्र उशांना टेकून काढावी लागते. डॉक्टर पाठीत दोन बरगड्यांच्या मधून सुई घालतात, लिटरभर पिवळसर पाणी निघतं आणि पुष्कळदा त्याच रात्री तो माणूस पाठ टेकून झोपतो. एवढ्या थोड्या साधनांत एवढा लवकर आराम देणारे उपाय वैद्यकात फार नाहीत. आपल्याकडे छातीतल्या पाण्यामागे बरेचदा क्षय असतो, कधी कॅन्सर, कधी हृदय किंवा मूत्रपिंड. पोटातल्या पाण्यामागे बहुतेक वेळा यकृत. पाणी का झालं हे शोधणं डॉक्टरांचं काम. ते बाहेर ओढायचं कशाने आणि साठवायचं कशात, हा प्रश्न मात्र अभियंत्याचाही आहे, आणि त्याकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं गेलेलं नाही.

पाणी काढण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, मोठी सिरिंज आणि थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची चावी: ५० मिलिलिटर ओढायचे, चावी फिरवून भांड्यात सोडायचे, पुन्हा ओढायचे. दुसरा, नळी खाटेखालच्या पिशवीत किंवा बाटलीत सोडून द्यायची. उताराने पाणी येत राहतं. तिसरा, कारखान्यातच हवा काढून सीलबंद केलेली बाटली. तिच्या बुचात सुई टोचली, नळीवरची चिमटी उघडली, की आतली पोकळी पाणी खेचून घेते. लिटरभर पाणी काही मिनिटांत बाटलीत. अमेरिकेत छातीतलं आणि पोटातलं पाणी काढायला या बाटल्या कित्येक दशकं वापरात आहेत, आधी काचेच्या, आता पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकच्या. आपल्याकडे छातीसाठी त्या सर्रास दिसत नाहीत. पण शस्त्रक्रियेनंतर जखमेतलं रक्त-पाणी ओढणारी त्यांची भावंडं आपल्या सर्जिकल वॉर्डांतही खाटांना लटकलेली असतात.

या बाटल्या अधिक सुरक्षित कशा करायच्या याची चर्चा सहसा काचेपासून सुरू होते आणि काचेपाशीच थांबते. काच फुटते, म्हणून प्लास्टिक आणा. हे बरोबर आहे, पण अर्धंच. माझ्या मते मोठा धोका भिंतीत नाही, ओढीत आहे. औषधाच्या बाटलीवर औषधाचं प्रमाण छापलेलं असतं आणि मात्रा डॉक्टर लिहून देतात. या बाटलीवरच्या खुणा मिलिलिटरच्या, म्हणजे किती पाणी आलं ते सांगणाऱ्या. ती रुग्णाच्या शरीराला किती जोराने ओढते आहे, हे दाखवणारा काटा तिच्यावर नसतो.

तरीही आधी भिंतीचं पाहून घेऊ, कारण तिथे पुष्कळ शिकण्यासारखं आहे. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाएवढा. ९ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १६ सेंटिमीटर उंचीच्या लिटरभर बाटलीचा पृष्ठभाग ५८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे हवा काढलेली ही बाटली कपाटात नुसती उभी असते तेव्हाही तिच्यावर चहूबाजूंनी मिळून अर्ध्या टनाहून जास्त भार असतो. काच तो सहज पेलते, कारण दाबल्या जाण्यात काच मजबूत. पण एखादा खोल ओरखडा असला आणि बाटली पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटली, तर ती नुसती तडकत नाही. आत कोसळते आणि तुकडे उसळून बाहेर येतात. अर्धी भरलेली असली तर त्या तुकड्यांबरोबर रुग्णाच्या अंगातलं पाणीही. क्षय, कावीळ, एचआयव्ही यांपैकी काय त्या पाण्यात आहे हे तोवर बहुधा कळलेलंही नसतं.

रक्तपेढ्यांनी काचेचा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १९५० च्या सुमारास बोस्टनच्या कार्ल वॉल्टर यांनी प्लास्टिकची रक्तपिशवी आणली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत काचेच्या बाटल्या मागे पडल्या. पिशवीत बाहेरची हवा घ्यावी लागत नाही, ती रिकामी होताना मिटत जाते, त्यामुळे शिरेत हवा जाण्याची भीतीही घटली. पण पाणी ओढणाऱ्या भांड्याला पिशवी होता येत नाही. हवा काढली की पिशवी चपटी होणार. पोकळी धरून ठेवायची तर ताठ भिंत हवीच, आणि ताठ प्लास्टिकच्या स्वतःच्या अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की प्लास्टिकमधून हवा झिरपते, फार हळू, पण झिरपते. काचेतली पोकळी वर्षानुवर्षं टिकते. प्लास्टिकमधली कपाटात पडल्या पडल्या ओसरत जाते. दुसरी अडचण निर्जंतुकीकरणाची. रुग्णालयातलं बरंचसं प्लास्टिक सामान इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात, पण सीलबंद बाटलीच्या आत तो वायू पोचणार कसा? म्हणून गॅमा किरणांकडे वळावं लागतं. आणि साधं पॉलिप्रॉपिलीन गॅमा किरणांनंतर काही महिन्यांत ठिसूळ होऊ लागतं. म्हणजे हवा न झिरपू देणारं, आपटल्यावर न फुटणारं, किरणं सोसणारं आणि आतलं पाणी स्वच्छ दिसेल इतकं पारदर्शक, असं प्लास्टिक निवडायचं, शिवाय ते स्वस्त हवं. यांतल्या दोन-तीन अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात. बाटलीला दिलेल्या आडव्या वळ्या आणि गोल खांदे शोभेसाठी नसतात. पातळ भिंतीला कोसळू न देण्याचा तो मार्ग आहे.

पोकळी ओसरली आहे का, हे नर्सला कळायला हवं. जखमेच्या ड्रेनच्या एका जुन्या प्रकारात याची फार सुंदर सोय आहे. बाटलीच्या टोपणावर रबराची एक छोटी चुणीदार टोपी असते. आत पोकळी असेल तर चुण्या दबून घट्ट बसतात. पोकळी संपली की टोपी उभी राहते. बॅटरी नाही, आकडा नाही, अंधारात बोट लावूनही कळतं. सुरक्षित साधन कसं असावं याचा हा चांगला नमुना आहे. पण त्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. पोकळी आहे की नाही एवढंच तो सांगतो. किती आहे, ते नाही.

आता ओढीकडे. आधीच पोकळी तयार ठेवून मग सुई जोडायची ही कल्पना पॅरिसच्या जॉर्ज ड्युलाफ्वा यांची, १८६९ ची. त्यांच्या यंत्रात काचेच्या नळकांड्यातली हवा आधी काढून घेत आणि मग चावी उघडत. सुई पाण्याला लागली की पाणी आपोआप आत उसळे. लवकरच पोटें या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी नळकांड्याच्या जागी बाटली आणि वेगळा पंप आणला. आजची निर्वात बाटली त्याच घराण्यातली. मात्र छातीतलं पाणी झपाट्याने काढण्याचा धोका त्याच्याही आधी दिसला होता. १८५३ साली पिनो या फ्रेंच डॉक्टरांनी अशा रुग्णाची नोंद केली, ज्याच्या छातीतून बरंच पाणी एकदम काढल्यावर दबलेलं फुफ्फुस फुगलं आणि तेच फुफ्फुस आतून पाझरू लागलं. रुग्णाला बरं वाटण्याऐवजी खोकला सुटतो, फेसाळ थुंकी येते, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो. हा प्रकार विरळा आहे, पण १९८८ च्या एका गाजलेल्या आढाव्यात अशा रुग्णांपैकी सुमारे २० टक्के दगावल्याचं दिसलं होतं.

दुसऱ्या बाजूने दुसरी परंपरा वाढत होती. हॅम्बुर्गचे गोटहार्ड ब्यूलाऊ १८७५ पासून छातीतला पू बंद नळीने, नळीचं टोक पाण्याखाली ठेवून, उताराने काढत होते. त्या पद्धतीचं महत्त्व जगाला पटलं ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. अमेरिकी सैन्यछावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या जवानांची छाती लवकर उघडली जाई, बाहेरची हवा आत शिरे, फुफ्फुस मिटे आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाई. एव्हर्ट्स ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या छेदाची घाई थांबवून बंद पद्धतीने पू काढायला लावला, तेव्हा ते ५ टक्क्यांखाली आलं. छातीत हवा जाऊ न देणं किती मोलाचं, हे त्या छावण्यांनी शिकवलं.

ब्यूलाऊ यांच्या वाटेने पुढे तीन बाटल्यांची रचना आली. एका बाटलीत पाणी साठतं, दुसरीत पाण्याखाली बुडालेली नळी हवेला परत जाऊ देत नाही, आणि तिसरी मला सर्वांत हुशार वाटते. तिच्या पाण्यात एक उघडी नळी २० सेंटिमीटर खोल बुडवलेली असते. वॉर्डच्या भिंतीवरचं सक्शन कितीही जोरात चालू असलं तरी ओढ २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापलीकडे गेली की त्या नळीतून खोलीतली हवा बुडबुडत आत येते, आणि रुग्णाला जादा ओढ बसत नाही. म्हणजे पट्टीने खोली मोजायची आणि ओढ ठरवायची. १९६७ साली प्लुर-इव्हॅक नावाच्या प्लास्टिकच्या एका डब्यात या तिन्ही बाटल्या एकत्र आल्या आणि आज त्या रचनेचे डबे सगळीकडे आहेत.

सुटसुटीत निर्वात बाटली ही मात्र ड्युलाफ्वांच्या वंशातली. तिच्यात तिसरी बाटली नाही. पाणी साठतं, ओढ लागते, पण ओढीला लगाम घालणारं काही नाही. ही उणीव किती मोठी आहे हे साध्या आकडेमोडीतून दिसतं.

समजा लिटरभराच्या बाटलीत ६० मिलिमीटर पाऱ्याइतकी हवा उरली आहे. बाहेर ७६० मिलिमीटर, म्हणजे ओढ ७०० मिलिमीटरची. पाणी आत येऊ लागलं की उरलेली हवा दाबली जाते आणि ओढ कमी होते, हे बरोबर. पण ती कमी कशी होते ते पाहा. ५०० मिलिलिटर पाणी आल्यावर हवेचा दाब दुप्पट, १२० मिलिमीटर. ओढ अजून ६४०. ७५० मिलिलिटर आल्यावर २४०, ओढ ५२०. ९०० मिलिलिटर आल्यावर कुठे ती १६० वर येते आणि पुढच्या २० मिलिलिटरमध्ये जवळजवळ संपते. पाण्याच्या वाफेचा हिशेब मी बाजूला ठेवला आहे, पण त्याने चित्र बदलत नाही. बाटली पाऊण भरेपर्यंत बहुतांश ताकदीने ओढते आणि अगदी शेवटी एकदम निमूट होते. शरीराची गरज नेमकी उलटी असते. सुरुवातीला छातीत पाणी भरपूर असतं तेव्हा जोराची ओढ चालते. पाणी संपत येतं, आखडलेलं फुफ्फुस फुगायला नकार देऊ लागतं, तेव्हा ओढ हळुवार हवी.

प्रमाणही पाहू. छातीतलं पाणी काढताना आतला दाब वातावरणाहून २० सेंटिमीटर पाण्याएवढा खाली गेला की थांबावं, असा फुफ्फुसतज्ज्ञ रिचर्ड लाइट यांच्या कामापासून चालत आलेला संकेत आहे. २० सेंटिमीटर पाणी म्हणजे १५ मिलिमीटर पारा. बाटलीत ७०० मिलिमीटर. सत्तेचाळीस पट. सक्शन यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १००७९ मध्ये, ६० किलोपास्कलच्या वरची ओढ ‘उच्च’ धरतात. ७०० मिलिमीटर म्हणजे ९३ किलोपास्कल. इतकी ओढ हातात असलेलं साधन एरवी आपण कळ दाबून, काटा पाहून वापरतो.

यावर एक योग्य आक्षेप घेतला जातो. बाटलीतली सगळी ओढ छातीपर्यंत पोचतच नाही. पाणी बारीक कॅथेटरमधून आणि लांब नळीतून वाहत असताना दाबाचा बहुतेक फरक नळीतच खर्ची पडतो. खरं आहे, पण पाणी वाहत असेपर्यंतच. कॅथेटरचं टोक फुफ्फुसाला किंवा आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला चिकटलं, प्रवाह थांबला, की नळीत खर्च होण्यासारखं काही उरत नाही आणि बाटलीतली पुरी ओढ त्या चिकटलेल्या ऊतीवर येते. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावणाऱ्यांना हे ठाऊक असतं: पाणी असतं तोवर ठीक, पाणी गेलं की मोटर पाइपातला गाळ ओढून आणते. म्हणून नळी बारीक करणं किंवा प्रवाहाला अडथळा घालणं हा पुरा उपाय नाही. त्याने वेग आवरतो, थांबल्यानंतरची ओढ आवरत नाही.

सिरिंज आणि उतार या दोघांत एक गुण आहे जो बाटलीत नाही. सिरिंजने ओढताना अडलं की अंगठ्याला कळतं. उतारात ओढ नळीतल्या पाण्याच्या उंचीइतकीच: पिशवी ६० सेंटिमीटर खाली असेल आणि नळी पाण्याने भरलेली असेल तर ६० सेंटिमीटरची. उतार म्हणजे काहीच ओढ नाही, असा जो समज आहे तो चुकीचा. पण ती ओढ मोजता येते आणि पिशवी वर-खाली करून बदलता येते.

आता पुरावा काय सांगतो? इथे प्रामाणिकपणे थांबायला हवं, कारण पुरावा एका दिशेने जात नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड फेलर-कॉपमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली १८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या छातीतून लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी काढलेलं होतं. फुफ्फुस पाझरण्याचा लक्षणं देणारा प्रकार एकाच रुग्णात दिसला, आणि किती पाणी काढलं किंवा आतला दाब किती उतरला याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. २०१९ साली एका नियंत्रित चाचणीत आतला दाब मोजत मोजत पाणी काढून पाहिलं. त्याने छातीतली वेदना कमी झाली नाही. २०२० साली उतार आणि ओढ यांची तुलना झाली. वेदनेत फरक नाही, उताराला काही मिनिटं जास्त लागली. या सगळ्यावरून बाटली निर्दोष आहे असं म्हणता आलं असतं. पण २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १०० रुग्णांची निर्वात बाटली आणि हाताने ओढणं अशी विभागणी केली होती. बाटलीने वेळ वाचला. मात्र काम अर्ध्यावर सोडावं लागण्याचं आणि गुंतागुंतीचं प्रमाण बाटलीच्या गटात जास्त निघालं.

हे निष्कर्ष दिसतात तितके परस्परविरोधी मला वाटत नाहीत. चाचण्या मोठ्या केंद्रांत होतात. तिथे पाणी काढणारा डॉक्टर त्याच कामात मुरलेला असतो, रुग्ण खोकला किंवा छाती आवळल्यासारखं वाटतं म्हणाला की तो चिमटी दाबतो. त्या खोलीत ओढीला लगाम आहे, तो माणूस आहे. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असलेल्या वॉर्डात, किंवा घरी मुलगा वडिलांच्या छातीतलं पाणी काढतो तिथे, तो लगाम बाटलीतच हवा.

शिवाय छाती हा एकच अवयव नाही. पोटातल्या पाण्याला दाबाची तितकी भीती नसते. तिथे भीती असते ती प्रमाणाची. ५ लिटरपेक्षा जास्त काढलं की रक्ताभिसरण कोलमडू नये म्हणून दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं, असा आजचा संकेत आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जलोदराचं पाणी काढण्याची कृती आहे: नाभीच्या खाली डाव्या बाजूला व्रीहिमुख शस्त्राने भेद, त्यात नळी, आणि स्पष्ट ताकीद की सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून काढावं आणि मग पोट घट्ट बांधावं. पाणी काढणं म्हणजे मात्रा देणं, ही समज इतकी जुनी आहे.

डोक्याच्या बाबतीत तर मात्रा चुकणं फारच महाग. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली ठेवलेल्या ड्रेनला निर्वात बाटली जोडली आणि आतल्या आवरणात कुठे फट असली, तर मेंदूभोवतीचं पाणीच ओढलं जातं. २००३ साली व्हान रोस्ट आणि सहकाऱ्यांनी सुरळीत पार पडलेल्या शस्त्रक्रियांनंतर मेंदूला अचानक सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. संशय याच ओढीवर होता. आणि ओढ मोजून ठेवली तरी धोका संपत नाही: जखमेवरच्या व्हॅक्यूम पट्ट्यांची यंत्रं साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्यावर काटेकोर चालतात, तरी अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २००९ साली ६ मृत्यू आणि ७७ इजांच्या नोंदी पुढे ठेवून इशारा दिला. त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट रक्तस्राव. म्हणजे ओढ मोजलेली असली तरी भांड्यात येतंय ते पाणी की ताजं रक्त, हे कुणाला तरी कळायला हवं.

जखमेच्या ड्रेनमध्ये दोन घराणी शेजारी शेजारी नांदतात. फ्रान्सच्या आंरी रेदों यांनी १९५४ च्या सुमारास रूढ केलेली ताठ बाटली, जिच्यात ओढ प्रचंड. आणि दाबून सोडायची फुग्याची किंवा स्प्रिंगच्या चुणीदार डब्याची पद्धत, जिच्यातला जॅक्सन-प्रॅट फुगा १९७१ पासून प्रसिद्ध आहे. आपल्या वॉर्डांत दुसरीच जास्त दिसते. स्प्रिंगच्या डब्याची ओढ मुळात मर्यादित, आणि डबा भरत जातो तशी ती क्रमाने उतरत जाते. ताठ बाटलीच्या अगदी उलट. मला वाटतं, सुरक्षित भांड्याचा विचार करणाऱ्याने इथून सुरुवात करावी. या डब्याचा दोष वेगळा आहे: रिकामा करताना टोपण उघडावं लागतं, पुन्हा दाबताना आतलं पाणी नळीने माघारी रुग्णाकडे जाऊ शकतं, म्हणून एकदिशा झडप हवीच.

झडपेवरून आणखी एक धोका आठवतो, जो कमी बोलला जातो. सीलबंद बाटलीला बाहेर जायचा रस्ता नसतो. फुफ्फुसातून हवा गळणाऱ्या रुग्णाला ती जोडली तर काही वेळात ती हवेनेच भरते, ओढ संपते, आणि नंतरची हवा छातीत कोंडत जाते. हृदय आणि दुसरं फुफ्फुस एका बाजूला ढकललं जाऊन जीव जाऊ शकतो. पाण्याखालच्या सीलच्या बाटलीला हवा जायचं तोंड नेहमी उघडं ठेवतात ते याचसाठी. निर्वात बाटलीची नळी छातीतली हवा काढणाऱ्या नळीला बसताच कामा नये, आणि शिरेच्या सलाइनलाही बसता कामा नये. जोडण्या अशा चुकू नयेत म्हणून आयएसओ ८०३६९ ही मानकमालिका आली, ज्यात वेगवेगळ्या कामांच्या नळ्यांची तोंडंच एकमेकांत बसणार नाहीत अशी ठरवली आहेत. पाणी काढण्याच्या सरंजामाला हा विचार अजून पुरता लागू झालेला नाही. आपल्याकडे थ्री-वेचं तोंड सगळ्यांना बसतं आणि ते सोयीचंही वाटतं.

घरच्या वापराची एक बाटली जवळून पाहण्यासारखी आहे. कॅन्सरमुळे छातीत पुन्हा पुन्हा पाणी होणाऱ्यांसाठी प्लुरएक्स नावाची कायमस्वरूपी नळी १९९७ साली अमेरिकेत मंजूर झाली. तिच्यासोबत प्लास्टिकच्या निर्वात बाटल्या येतात. नळीच्या बाहेरच्या टोकाला अशी झडप की जोडीचं टोक घातल्याशिवाय ती उघडतच नाही; जोडणी निखळली तरी छातीत हवा जात नाही. बाटली जोडताना आधी नळीवरची चाकाची चिमटी पूर्ण बंद करायची, मग टोक झडपेत घालायचं, मग बाटलीच्या गळ्यातली आधाराची क्लिप काढायची, मग वरची दांडी खाली दाबून आतला पत्रा फोडायचा. इथवर पोकळी जागी होत नाही. शेवटी चाक हळूहळू फिरवायचं आणि दुखलं किंवा खोकला आला तर परत बंद करायचं. छातीतून एका दिवसात १००० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, पोटातून २००० पेक्षा जास्त नाही. पोटाच्या पाण्यासाठी इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ साली या पद्धतीला पसंती दिली. क्रम इतका विचारपूर्वक बांधला आहे की चूक करायला जागा कमी राहते. तरी शेवटचा लगाम घरच्या माणसाच्या अंगठ्याखालच्या चाकावरच आहे. मोठ्या रुग्णालयांसाठी बॅटरीवर चालणारे, ओढ आकड्यात ठरवता येणारे डबे आता आहेत. ‘नाइस’ने २०१८ साली त्यांतल्या एकाची शिफारसही केली. ते उत्तम आहेत आणि महाग आहेत.

आपल्याकडे पाणी पुष्कळदा रिकाम्या सलाइनच्या बाटलीत किंवा लघवीच्या पिशवीत, म्हणजे युरोबॅगमध्ये, जातं. उताराने जातं म्हणून ओढीचा धोका कमी. पण बाटलीला हवेसाठी सुईने भोक पाडायचं, नळीचं टोक बुचातून खुपसायचं, आणि भरली की मावशींनी ती संडासात ओतून यायची, या प्रत्येक पावलावर कुणाचा तरी हात, डोळा, तोंड त्या पाण्याजवळ येतं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत: द्रव आधी निर्जंतुक करायचा, प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या डब्यात, सुया पांढऱ्यात. ओतणं टळावं म्हणून काही भांड्यांत पाण्याचा गोळा करणारी पूड घालतात. तीही निर्धोक नाही. रुग्णांनी ती खाऊन जीव जाऊ शकतो असा इशारा इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ साली दिला. म्हणून पूड असेल तर ती सुटी नको, भांड्याच्या आत बंदिस्त हवी.

कायद्याची चौकट आता आहे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं त्यांच्या कक्षेत आली आणि धोक्यानुसार पाडलेल्या अ-ब वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून, क-ड वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. उपकरणांमुळे झालेल्या इजा नोंदवायला २०१५ पासून गाझियाबादहून चालणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. ड्रेन निखळला, बाटलीची ओढ गेली, पाणी माघारी आलं, अशा गोष्टी मात्र नोंदवायच्या असतात हेच वॉर्डात फार थोड्यांना सांगितलेलं असतं. या नोंदी झाल्या तर सुधारणा कुठे हवी हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

राहिला प्रश्न तिसऱ्या बाटलीचा. ती सुटसुटीत भांड्यात तशीच बसवता येत नाही, कारण ती बाहेरची हवा आत घेऊन ओढ आवरते. भिंतीवरच्या सक्शनला हवेचं काही वाटत नाही. मोजकीच पोकळी भरलेली बाटली त्या हवेनेच संपून जाईल. म्हणून इथे हवी ती बाटली आणि रुग्ण यांच्या मध्ये बसणारी, स्प्रिंगने ताणलेल्या पातळ पडद्याची झडप: रुग्णाच्या बाजूची ओढ ठरवलेल्या पातळीपलीकडे गेली की पडदा स्वतःहून वाट बंद करील आणि दाब सावरला की उघडील. तत्त्व नवं नाही. गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर त्याच जातीचा. अवघड आहे ते वेगळंच: छातीतल्या पाण्यात फायब्रिनचे धागे आणि गुठळ्या असतात, त्यांनी झडप तुंबता कामा नये, बाटली आडवी पडली तरी तिने काम करायला हवं, आणि तुंबलीच तर ती बंद स्थितीत तुंबायला हवी, उघड्या नव्हे. तपासायची रीतही साधी ठरवता येईल. नळीचं टोक बंद करायचं, बाटली पूर्ण ओढीवर जोडायची आणि टोकाशी किती मिलिमीटर पारा पोचतो ते मोजायचं. रिकाम्या, अर्ध्या आणि पाऊण भरलेल्या बाटलीवर, पाण्यात रक्ताच्या गुठळ्या घालून, गॅमा किरणांनंतर आणि दोन वर्षं कपाटात ठेवल्यानंतर. तो आकडा बाटलीवर मिलिलिटरच्या खुणांशेजारी छापायचा, आणि छाती, पोट, जखम यांच्यासाठी तो वेगवेगळा ठेवून टोपणाचे रंगही वेगळे करायचे.